डीटीपीचा डेस्कटॉप सारखा बंद पडतोय : कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

इचलकरंजीतल्या एका डीटीपी सेंटरचं मशीन आज दुकानात आलं. तक्रार एका ओळीची : "कधीपण बंद पडतंय." सेंटर चालवणाऱ्या ताई स्वतः घेऊन आल्या होत्या. शाळा उघडायच्या तोंडावर त्यांच्याकडे वह्यांची लेबलं, फॉर्म, क्लासच्या नोट्स असं काम तुंबलेलं असतं, म्हणून घाई.

मशीन असं आहे : इंटेल कोअर आय३-३२२०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम (एक मूळची, एक नंतर घातलेली), ५०० जीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटबरोबर आलेली ४५० वॅट लिहिलेली एसएमपीएस (भिंतीची वीज बदलून मशीनच्या भागांना पुरवणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय), विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काम मुख्यतः कोरलड्रॉवर.

आधी इतरत्र दाखवून झालं आहे. तिथे विंडोज नव्याने टाकली, रॅम काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. विंडोज नवी टाकली की जुन्या बिघाडांची सगळी नोंदही पुसली जाते. निदान करायला बसलेल्या माणसाचं याहून मोठं नुकसान नाही. नशिबाने शेवटची विंडोज टाकून बरेच महिने झालेत, म्हणजे वाचायला काहीतरी शिल्लक आहे.

आज फक्त दोनच कामं केली. आधी ताईंचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, फॉन्टच्या फोल्डरसकट. मग हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिला. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) शून्य. १९९ क्रमांकाचा सीआरसी एरर मात्र चढलेला. तो आकडा डिस्कच्या पृष्ठभागाचा नसतो, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेचा असतो. कॅबिनेट उघडेन तेव्हा त्या वाटेची साटा केबल बदलायची. त्यानंतर आकडा आहे तिथेच थांबला तर विषय संपला.

३ जून, मंगळवार

कॅबिनेट अजून उघडलेलं नाही. सकाळ इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, गेली.

कर्नल-पॉवर ४१ च्या नोंदी भरपूर आहेत. ही नोंद पाहून बरेच जण "पॉवर सप्लाय गेला" असं ठरवून टाकतात. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कशामुळे, ते ती नोंद सांगत नाही. सांगणारी गोष्ट तिच्या तपशिलात आत असते : बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या कारणाचा क्रमांक. तिथे शून्य असेल तर विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, किंवा मशीन जागीच गोठलं आणि कुणीतरी बटण दाबून बंद केलं. शून्य नसेल तर निळा स्क्रीन येऊन गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा मिनिडंप फोल्डरात त्याची फाईलही सापडते.

ताईंच्या मशीनवर दोन्ही आहेत. नोंदी कागदावर दोन रकान्यांत उतरवल्या. निळ्या रकान्यात दर वेळी नवं कारण : कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. एखादा ड्रायव्हर खराब असता तर तेच ते नाव पुन्हा पुन्हा आलं असतं. कारणं अशी विखुरलेली असली की माझी पहिली शंका रॅमवर जाते. दुसऱ्या रकान्यात नुसती शून्यं.

ताईंना फोन केला. विचारलं, बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं?

"दादा, दोन्ही होतंय. कधी निळं येतं, खाली टक्के मोजतंय आणि आपोआप परत चालू होतंय. आणि कधी लाईट गेल्यागत फटकन जातंय बघा."

"फटकन जातं तेव्हा ट्यूबलाईट चालू असते का?"

"ट्यूब, पंखा, सगळं चालू असतंय. नुसतं हेच जातंय."

म्हणजे हे दोन वेगळे बिघाड असण्याची शक्यता बरीच आहे. एका मशीनला एकच रोग असतो असं धरून चाललं की एक भाग बदलला जातो, निम्मा त्रास कमी होतो, आणि उरलेला निम्मा पाहून तो बदललेला भागही उगाच बदलला असं वाटू लागतं. दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

निळा स्क्रीन वाचायला मिळावा म्हणून आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली.

४ जून, बुधवार

कॅबिनेट उघडलं. ताईंच्या सेंटरच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यामुळे आत काय निघणार याचा अंदाज होताच. प्रोसेसरचा पंखा सोडवला तर खालच्या हीटसिंकवर सुताच्या तंतूंचा थर, नमद्यासारखा घट्ट. नखाने एक कोपरा उचलला तर आख्खा गोल तुकडा एकसंध निघून आला, मधोमध पंख्याच्या बोंडाचा ठसा उमटलेला. अॅल्युमिनियमच्या पात्यांमधून हवा जायला वाटच उरली नव्हती. कूलरच्या चार खुंट्यांपैकी एक बोर्डात बसलेलीच नव्हती. पेस्ट वाळून पांढरी पावडर झालेली.

साफसफाईआधी मुद्दाम तापमान घेऊन ठेवलं होतं. प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) लावल्यावर कोअर नव्वदीच्या वर जात होते. ब्लोअर मारून, नवी पेस्ट लावून, चारही खुंट्या नीट बसवल्यावर त्याच कामाला पासष्टच्या आसपास थांबले. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं की वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जाते. साटा केबलही याच वेळी बदलली.

इथे थांबून "गरम होत होतं, साफ केलं" म्हणून मशीन परत देण्याचा मोह होणं स्वाभाविक आहे. पण उष्णतेने नोंदींचा उलगडा होत नाही. हा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन थेट बंद करतो. विखुरलेले निळे स्क्रीन त्यातून येत नाहीत. आणि फटकन बंद होणं त्यातून येत असतं, तर आज नव्वदीच्या वर चालवलं तेव्हाच ते व्हायला हवं होतं. झालं नाही.

उलट संध्याकाळी, साफ केलेलं मशीन कॅबिनेट बंद करून चालत ठेवलं होतं, तेव्हा निळा स्क्रीन आला. मेमरी मॅनेजमेंट. बरं झालं, दुकानातच आला.

६ जून, शुक्रवार

मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून चालवलं, दोन्ही रॅम जागेवर ठेवून. पहिला पास, म्हणजे तपासणीची पहिली फेरी, स्वच्छ. पहिल्या पासनंतर हिरवं "पास" दिसलं की लोक थांबतात. मी रात्रभर चालू ठेवलं, कॅबिनेटची दोन्ही झाकणं लावून, म्हणजे आतली गरमी सेंटरमध्ये असते तशी राहील.

सकाळी पडदा लाल. अपेक्षित एफएफएफएफएफएफएफएफ, मिळालं एफएफएफएफबीएफएफएफ. खाली एकाखाली एक ओळी, पत्ते जवळजवळचे आणि प्रत्येक ओळीत त्याच जागी एफच्या ऐवजी बी. म्हणजे बत्तीसपैकी एकच बिट, १ लिहिला तरी ० वाचला जाणारा. कोरलड्रॉची फाईल त्या जागी आली तर रंगाचा एखादा ठिपका बदलेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. विंडोजचा गाभा त्या जागी आला तर निळा स्क्रीन. कारणं विखुरलेली का होती ते यातून कळतं.

पत्त्यावरून कुठली रॅम ते मात्र ठरवता येत नाही. दोन रॅम जोडीने चालतात तेव्हा बोर्ड डेटा आलटून पालटून दोघींवर वाटतो.

९ जून, सोमवार

एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये घालून सगळ्या जोड्या तपासल्या. मूळची रॅम दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ. नंतर घातलेली दोन्ही स्लॉटमध्ये चुकते, पण गरम झाल्यावरच. बिघाड रॅमबरोबर फिरतो, स्लॉटबरोबर नाही. बोर्ड निर्दोष सुटला.

खोडरबराबद्दल थोडं लिहून ठेवतो, कारण हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. रॅमच्या पायांवर (स्लॉटमध्ये बसणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) काळपटपणा चढला असेल तर घासून खरोखर फरक पडतो, दमट हवेत जास्तच. पण रॅम काढून, घासून, बसवून होईपर्यंत मशीन थंड झालेलं असतं. गरम झाल्यावरच चुकणारी रॅम थंड असताना चालणारच. ग्राहकाला वाटतं रबराने काम झालं. ताईंचं मशीन "थोडे दिवस बरं चाललं" त्यामागे बहुतेक हेच असावं. घासायला माझी हरकत नाही, पण घासल्यानंतर रात्रभर चाचणी घेतल्याशिवाय मशीन हातातून सोडू नये.

१० जून, मंगळवार

खराब रॅम काढून ठेवली. मशीन सध्या एका ४ जीबीवर. निळा रकाना थांबला की नाही ते आता कळेल.

दुसऱ्या रकान्याचं मात्र इथे काहीच हाती लागत नाही. माझ्या टेबलावर मशीन एकदाही फटकन बंद झालेलं नाही. मल्टिमीटर लावून एसएमपीएसची पिवळी, म्हणजे १२ व्होल्टची, वायर मोजली : रिकामं असताना ११.९, पूर्ण ताणावर ११.६ व्होल्ट. एटीएक्सच्या (डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठीच्या मानकाच्या) हिशोबात १२ व्होल्टला पाच टक्के सूट आहे, ११.४ पासून १२.६ पर्यंत. म्हणजे मीटरच्या मते एसएमपीएस उत्तीर्ण. इथे होत नाही आणि तिथे होतं, तेव्हा कारणाचा काही भाग तरी तिथे आहे.

मशीन ताईंना परत दिलं, एका वहीसकट. बंद पडलं की लिहायचं : वेळ, निळं की काळं, त्या क्षणी काय चाललं होतं, खोलीत आणखी काय चालू होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे असं दोनदा सांगितलं.

१६ जून, सोमवार

ताईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळं एकदाही नाही. काळं बऱ्याच वेळा. त्यांचं अक्षर सुंदर आहे आणि नोंद त्याहून नेमकी :

"सकाळी ११.२०. काळं. पत्रिकेची पीडीएफ करत होते, आधीची प्रिंट दिली होती. यूपीएसनं टक केलं."

"दु. ४.०५. काळं. नोट्स ६० पानं प्रिंटला टाकल्या, लगेच."

"सं. ६.४०. प्रिंट दिली, यूपीएस टक वाजलं, पण मशीन गेलं नाही. मी त्यावेळी काही करत नव्हते."

तिसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मशीन न गेल्याची नोंद फार थोडे लोक करतात. प्रिंट आणि टक दोन्ही असूनही मशीन टिकलं, कारण त्या वेळी ते निवांत होतं.

१७ जून, मंगळवार

सेंटरवर गेलो. टेबलाखाली ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॅटचा यूपीएस. त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये असं का सांगतात ते इथे डोळ्यांनी दिसलं. कागदावर टोनर वितळवून चिकटवणारा फ्यूझर म्हणजे एक हीटर असतो. प्रिंट दिली की तो एकदम वीज ओढतो, तापला की सोडतो, थोड्या वेळाने पुन्हा ओढतो. क्लॅम्प मीटरवर क्षणभर ४ अँपिअरच्या आसपास दिसले, म्हणजे आठशे-नऊशे वॅट. त्याच क्षणी सॉकेटवरचा व्होल्टेज २१२ वरून १९७ वर आला आणि यूपीएसमधला रिले टक वाजला. एवढ्या करंटला एवढी घसरण जास्त आहे. मेन बंद करून सॉकेट खोललं तर मागचा स्क्रू सैल आणि वायरचं टोक काळवंडलेलं. टोक कापून, नवं सोलून घट्ट आवळलं.

टक म्हणजे यूपीएस एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर गेला. त्या बदलात काही मिलिसेकंद कॉम्प्युटरला वीजच मिळत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. चांगल्या एसएमपीएसने जवळपास एक फेरा आपल्या पोटातल्या साठ्यावर काढायला हवा. एटीएक्सच्या मार्गदर्शिकेत हा काळ साधारण १६-१७ मिलिसेकंद धरलेला आहे. तेवढा काळ ताईंची एसएमपीएस काढते का?

प्रिंटर भिंतीच्या वेगळ्या सॉकेटवर हलवला. मशीनवर फक्त डेस्कटॉप उघडा ठेवून, यूपीएस ज्या बोर्डावर आहे त्याचं बटण बंद केलं. टक. मशीन चालू. पुन्हा केलं, चालू. आता प्राइम९५ लावलं, दोन मिनिटं थांबलो, बटण बंद केलं. टक, आणि पडदा काळा.

ताई मागे उभ्या होत्या. "हेच दादा, अगदी हेच."

निवांत असताना मशीन कमी वीज खातं, म्हणून साठा पुरतो. ताणावर तोच साठा काही मिलिसेकंदांत संपतो. यूपीएस तपासायला येणारा माणूस मशीन निवांत असतानाच बटण बंद करून बघतो आणि "बॅकअप ठीक आहे" म्हणून जातो.

एसएमपीएस काढून आणली. माझ्याकडची चांगली जुनी तात्पुरती लावून दिली.

२० जून, शुक्रवार

ऑटोलूमची (स्वयंचलित मागांची) इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) आहे. ताईंची एसएमपीएस माझ्या टेस्ट बोर्डावर लावून तिथे नेली. मीटरला जे ११.६ दिसत होतं ते पडद्यावर सरळ रेष नव्हती. तिच्यावर ४०० मिलिव्होल्टच्या आसपासची कंगोऱ्यांची ओळ होती. १२ व्होल्टच्या रेषेला मुभा १२० मिलिव्होल्टची. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे हे त्याला दिसतच नाही.

मग उघडली. हे वाचून कुणी घरी उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या भागांवर) ३२५ व्होल्टच्या जवळपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. आम्ही रेझिस्टर लावून रिकामे केले, मीटरने खात्री केली, मगच हात घातला.

आत दोन मुख्य कपॅसिटर, एकामागे एक जोडलेले. दोन्हींवर ३३० मायक्रोफॅरड लिहिलेलं. मीटरवर दोन्ही ऐंशीच्या आतबाहेर. बारा व्होल्टच्या बाजूचे कपॅसिटर तर डोळ्यांनीच कळत होते : डोक्यावरची फुलीची खाच फुगून वर आलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. हे कपॅसिटर आतल्या द्रवावर चालतात आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. एसएमपीएसच्या जाळीतही तोच सुताचा नमदा होता.

वर ४५० वॅट लिहिलं होतं त्याचा इथे काही संबंध नाही. ५५ वॅटचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नसलेलं हे मशीन पूर्ण ताणावरही शंभर वॅटच्या पुढे जाणं कठीण. कमी पडला तो साठा.

मित्र म्हणाला, कपॅसिटर बदलून देतो. होतं ते, आणि त्याचा हात चांगला आहे. पण आतला इनपुट फिल्टर (विजेतला गोंगाट अडवणारा भाग) पाहिला तर बोर्डावर त्याच्या जागा छापलेल्या, भाग मात्र बसवलेलेच नाहीत, त्याऐवजी वायरचे तुकडे. अशा एसएमपीएसवर ताईंच्या धंद्याचं मशीन ठेवणं मला पटत नाही. नवी घ्यायची.

२३ जून, सोमवार

नवी एसएमपीएस बसवली. तीच चाचणी : प्राइम९५ चालू, भिंतीवरचं बटण बंद. टक. मशीन चालू. प्रिंटर मुद्दाम पुन्हा यूपीएसवर लावून साठ पानं सोडली. टक, टक, टक. मशीन चालू. मग प्रिंटर भिंतीवर परत नेला आणि यूपीएसच्या त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावली, म्हणजे सवयीने कुणी परत लावणार नाही.

एक शंका उरली होती. रॅम खरंच खराब होती, की खराब एसएमपीएसच्या कंगोऱ्यांमुळे चुकत होती? काढून ठेवलेली रॅम दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर, चांगल्या सप्लायवर, रात्रभर चालवली. तोच बिट, एफच्या जागी बी. रॅम स्वतःच खराब. ताईंना ४ जीबीची दुसरी रॅम लावून दिली, आधी रात्रभर तपासून.

दुपारी ताईंचा फोन. "दादा, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतायत. आधी नव्हत्या."

लगेच गेलो. जुन्या एसएमपीएसमध्ये फिल्टर नव्हता. नवीत आहे, आणि त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे जोडलेले असतात. त्यांच्यातून येणारा किरकोळ करंट अर्थिंगमधून जमिनीत जायचा असतो. अर्थिंगच नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. मीटर लावला : कॅबिनेट ते जमीन शंभरच्या वर. भिंतीचं सॉकेट ठीक होतं, न्यूट्रल ते अर्थ २ व्होल्ट. दोष मधल्या एक्स्टेन्शन बोर्डात : तीन भोकांचं सॉकेट, आत मात्र दोनच वायरी. तीन वायरींचा बोर्ड आणून लावला. झिणझिण्या गेल्या. हा धोका आधीपासूनच तिथे होता, नव्या एसएमपीएसने तो दाखवून दिला.

७ जुलै, सोमवार

वहीत नवी नोंद नाही. ताई म्हणाल्या, लिहायचं विसरलेले नाही, लिहायला काही झालंच नाही. इव्हेंट व्ह्यूअरही तेच सांगतो : २३ जूननंतर ४१ ची एकच नोंद, आणि ती संध्याकाळी वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी संपली तेव्हाची. ती बॅटरी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, आता पाच मिनिटंही काढत नाही. बदलायला सांगितली. सीआरसीचा आकडा केबल बदलल्यापासून हललेला नाही.

पुढची कामं : दर तीन महिन्यांनी सुताची धूळ काढायची, पंखा आणि एसएमपीएसची जाळी दोन्ही. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घ्यायचं. विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतंय आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. ताईंनी विचारलं, म्हणजे एवढं केलेलं वाया का? एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी आणि नवा एक्स्टेन्शन बोर्ड पुढच्या मशीनलाही चालतील, रॅम तेवढी चालणार नाही. सप्टेंबरमध्ये बसून ठरवायचं आहे, तोवर त्या पैसे बाजूला काढतायत.